वसंत एकट्याने मालगुंडला

बाई, मला भीती वाटतेय. तुमच्या शोकसभेत हे बोलता आलं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

शोकसभा चांगली झाली असं सगळे म्हणतात. संस्थेच्या सेक्रेटरीकाकांनी तुमचा जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी, ती सोडून हे वसतिगृह कसं काढलंत, सगळं ओळीनं सांगितलं. ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. शेवटी ते म्हणाले, "भीती म्हणजे काय हे मालतीबाईंना ठाऊकच नव्हतं." लोकांनी माना डोलावल्या. मी मागे कुसुमच्या चाकाच्या खुर्चीशी उभी होते. आणि कुसुम हसली. घशातून, मोठ्यानं, अंग ताठ करून हसते तशी. लोकांनी वळून बघितलं, बिचारीला काय कळतंय अशा नजरेनं. तिला सगळं कळलं होतं. भिंतीवर पाल दिसली की साडी सावरत बाकावर चढणाऱ्या बाई तिनं रोज बघितल्या होत्या. मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं ते थांबेना.

पण पालीचं सोडा. उद्या आपल्या वसंतला शिमग्यासाठी मालगुंडला आईकडे एकटं पाठवायचं की नाही, हे मला ठरवायचंय. सेक्रेटरीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "तू आणि बाईंनी काय ते ठरवलं होतंत ना, तसं कर." आपण काहीच ठरवलं नव्हतं, बाई. आपण भांडत होतो. भांडण अर्धं ठेवून तुम्ही घरी गेलात आणि सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेलात. मी अजून शिकाऊ आहे. पुण्याच्या कॉलेजातून समाजकार्याच्या पदवीसाठी काही महिन्यांपुरती आलेली राजापूरची मुलगी. माझी मुदत संपायला थोडे दिवस उरलेत. आणि तुमचं तेरावंही व्हायचंय अजून.

तुम्ही मला पहिल्या दिवशी काय केलंत आठवतं? मी नवी कोरी सुती साडी नेसून, खांद्याला पिशवी अडकवून आले होते. पुस्तकांत मतिमंद, बहुविकलांग असे शब्द वाचून पाठ केले होते. तुम्ही माझं नाव विचारलंत, गाव विचारलंत, "राजापूरकरीण काय, बरं" म्हणालात आणि मऊ भाताचं ताट माझ्या हातात दिलंत. "कुसुमला भरव."

कुसुमचे हात आत वळलेले, मान एका बाजूला जाणारी, जीभ पुढे येणारी. मी एक घास दिला आणि तिला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले. माझ्या हातातला चमचा पडला. मला वाटलं, मेली. पहिल्याच दिवशी मी एक माणूस मारलं. तुम्ही आलात, तिची मान थोडी पुढे केलीत, पाठीवर हात ठेवलात आणि वाट बघितलीत. बस, एवढंच. तिचा ठसका थांबला. मग चमचा धुऊन पुन्हा माझ्याच हातात दिलात.

मी म्हणाले, "बाई, मला नाही जमणार. मला भीती वाटते."

"वाटू दे. न भिणारी माणसं मला नकोत. ती मोठे घास देतात."

दुसऱ्या घासाचा भात कुसुमच्या हनुवटीला लागला. तुम्ही शेजारी बसून सुपारी कातरत होतात आणि माझ्याकडे बघतही नव्हतात. ताट संपलं तेव्हा बाहेर मुलांची दुपारची झोपही होऊन गेली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. खोलीत जाऊन ट्रंक उघडून कपडे परत भरायला घेतले होते, हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. थांबले ती का, मलाही नीट माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कुसुमनं मला बघून तोंड उघडलं म्हणून असेल.

मग वसंत. पंचविशी उलटलेला, कंगव्यानं मिशी विंचरणारा तुमचा वसंत. डॉक्टरांच्या मते त्याची बुद्धी सात वर्षांच्या मुलाएवढी. त्या मताचा तुम्हाला भयंकर राग. "सात वर्षांच्या पोराला मिशी असते काय गो?" काथ्याची पायपुसणी तो इतकी घट्ट विणायचा की सोडवताना बोटं सोलायची. शनिवारी तुम्ही त्याला मालगुंडला आईकडे पोचवायचात आणि सोमवारी घेऊन यायचात. आणि एक दिवस गाडीत चढताना त्यानं तुमचा हात झटकलान. "मी जातो. तुमी कशाला?"

दुसरं कोणी असतं तर त्याला दटावलं असतं. तुम्ही कामाला लागलात.

तुमची पद्धत मी जन्मात विसरणार नाही. आधी हात धरून चालायचं. मग नुसतं सोबत. मग दोन पावलं मागे. मग रस्त्याच्या पलीकडून. आणि शेवटी त्याला दिसायचंच नाही. त्याला नारळ आणायला बाजारात पाठवायचं आणि आपण दोघींनी चोरासारखं मागे जायचं. पण रत्नागिरीत तुम्ही लपणार कुठे? मासेवाल्या बायका लांबूनच ओरडायच्या, "ओ बाई, सुरमय घेतलीत नाय ती? कुठं चाललात अशा लपत लपत?" की वसंत मागे वळलाच. तुम्ही पटकन टोपल्यांमागे खाली बसायचात, आणि तो परत येऊन तुमच्यासमोर उभा राहून विचारायचा, "पडलात काय?" मी हसायचे. पण त्याला रस्ता ओलांडताना बघून माझं हसू पळायचं. ट्रक आला की मी तुमचा दंड धरायचे. तुम्ही माझा हात काढायचात. तुमचाच तळवा घामानं ओला असायचा, हे मला जाणवायचं, पण तो उन्हाचा असेल असं मला वाटायचं.

आता मालगुंडच्या त्या दिवसाबद्दल. त्यावर आपण इतके भांडलो आणि तरी काही बोलायचं राहूनच गेलं.

ठरलं असं होतं की तुम्ही त्याला स्टँडवर जयगडच्या गाडीत बसवायचं. मालगुंडवरून जाणाऱ्या. मी आधीच्या गाडीनं मालगुंडला जाऊन थांबायचं, पण दिसायचं नाही. तो उतरला, घराच्या वाटेला लागला, की परतीच्या गाडीनं यायचं. तुम्ही चारचारदा बजावलंत, "मध्ये पडायचं नाही. त्याला वाटायला हवं की आपण एकटे आलो."

मी चहाच्या टपरीमागे पोत्यांच्या आडोशाला उभी राहिले. गाडी आली. माणसं उतरली, बायका उतरल्या, कोंबड्यांची टोपली उतरली. दारात मला वसंतचा पांढरा सदरा दिसला. कंडक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. कंडक्टरनं बाहेर डोकं काढून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग घंटीची दोरी ओढली, आणि गाडी वसंतला घेऊन निघून गेली.

मी धावले, बाई. चपला हातात घेऊन धावले, ओरडले. धुरळ्यात मला कोण बघतंय! टपरीवाला म्हणाला, "आता जयगडशिवाय थांबायची नाय ती."

मला काहीच कळेना. त्याला उतरवलं का नाही? तो रडला का? त्याला फिट आली का? जयगडला गाडी संपते. तिथून पुढे धक्का आणि खाडीचं पाणी. उतारू उतरतील, कंडक्टर म्हणेल शेवटचा थांबा, उतर. आणि वसंत पाण्याकडे चालायला लागेल, कारण घर पाण्याच्या बाजूला असतं एवढं त्याला पक्कं माहीत. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. पोस्टात गेले, फोनची लाइन बंद. मग दुसरं काय सुचणार, त्याच्या घरी गेले.

त्याच्या आईला तुम्ही ओळखता. दारात सुपातलं भात पाखडत होती. मी कसंबसं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलान. मग म्हणाली, "बस गो बाय. गाडी गेली ती परत येयाची हायच. जाते कुठं? पुढं खाडी हाय."

मला धीर द्यायला म्हणाली ती! मी तिथेच मटकन खाली बसले.

रत्नागिरीची शेवटची गाडी माझ्या समोरून गेली. वसंतला सोडून मी त्यात चढणार कशी? तिन्हीसांज झाली. त्याची आई सारखी चुलीपासून दारापर्यंत यायची, रस्त्याकडे बघायची आणि काहीतरी निमित्त काढून आत जायची. मला धीर देणारी ती बाई माझ्याइतकीच गर्भगळीत झाली होती. शेवटी नाक्यावर दिवे दिसले. जयगडहून मुक्कामाला गणपतीपुळ्याला जाणारी तीच गाडी. आधी कंडक्टर उतरला, मागून वसंत. हातात भज्यांचा पुडा.

"होडी बघितली," वसंत म्हणाला. "मोठी."

कंडक्टर माझ्यावर उखडला. पन्नाशीचा, पिकल्या केसांचा माणूस. "काय ओ ताई, माणूस असा सोडतात काय? उतरवून घ्यायला कोण दिसला नाय, मी कसा उतरवू त्याला? काय बरावाईट झाला तर? डायवर आणि मी त्याला मध्ये बसवून घेऊन बसलोय धक्क्यावर. चहासुद्धा घशाखाली गेला नाय आमच्या."

मी काय सांगणार त्याला, की मी इथेच पोत्यांमागे होते? मी इतकी चांगली लपले होते म्हणूनच वसंतला उतरता आलं नाही. आपण दोघींनी महिनाभर लपायचा सराव केला, आणि आपल्या मुलखातला कंडक्टर कसा असतो हे मात्र दोघीही विसरलो. दारात कोणी घ्यायला नसेल तर तो म्हाताऱ्यालाही उतरवत नाही, पोरालाही नाही. तो घेऊन फिरतो.

दुसऱ्या दिवशी मी परत येऊन तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही हसलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मला इतका संताप आला की मी ताडकन उठून कुसुमकडे गेले आणि दोन दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

शोकसभेच्या दिवशी स्टँडवरचा पेपरवाला आला होता. तो मला म्हणाला, "बाई त्या दिवशी माझ्याच बाकड्यावर बसून होत्या. शेवटची गाडी आली, त्यात तुम्ही नाय. मी म्हटला, बाई घरी जावा. तर नाय. गाड्या बंद झाल्या तरी बसलेल्या. पाणी दिला, घेतलानी नाय." म्हणजे तुमच्याही डोळ्यांपुढे तीच खाडी होती. आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हसलात. का, बाई? मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी किती दिवस एकटीच घाबरट समजत होते स्वतःला. याचा मला रागही येतो आणि तुमच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतं. दोन्ही करायची आता सोय नाही.

मग आपलं ते शेवटचं भांडण. शिमगा आला, गावची पालखी नाचायची, वसंतला जायचंय. तुम्ही म्हणालात, या वेळी कोणी लपायचं नाही, कोणी जायचंच नाही. कंडक्टरला सांगायचं, कोणी नसलं तरी उतरव.

मी म्हणाले, "आणि खाडीवर गेला तर?"

"त्याच्या भावाला पंधराव्या वर्षी मुंबईला एकटा पाठवलानी. तेव्हा विचारलान काय कोणी, समुद्रात गेला तर?"

"भाऊ वेगळा."

"वेगळा म्हणजे कसा, ते सांग."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. मी दुसरीकडून धरलं. "जबाबदारी कोण घेणार?"

"मी."

"आणि तुम्ही नसलात तर?"

म्हणजे पुण्याला गेलात तर, आजारी पडलात तर, असं मला म्हणायचं होतं. तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात. "नसले तर तू घाबर की. मी काय जन्मभर घाबरत बसू?" आणि चपला पायात घालता घालता, "उद्या बोलू. आता माझं डोकं नको खाऊस."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. लोकांना शेवटचे शब्द म्हणून किती छान छान काय काय मिळतं.

तुम्ही गेलात हे वसंतला मीच सांगितलं. तो पायपुसणं विणत होता. विणतच राहिला. मग म्हणाला, "बाई मेली." मी हो म्हटलं. "मग शिमग्याला मी जातो." मला क्षणभर त्याचा राग आला. मग कळलं की त्यानं दोन्ही गोष्टी ऐकल्या होत्या, बाई नाहीत हेही आणि जायचंय हेही, आणि त्याला त्यातली एकही नाकारायची नव्हती. मला मात्र दोन्ही नाकारायच्या होत्या. त्यानं पिशवी भरून दारामागे ठेवलीय. विचारत नाही, विनवत नाही. मी नाही म्हटलं तर ती पिशवी तो मुकाट्यानं रिकामी करेल, आणि मग पुन्हा कधी भरणार नाही. मला खाडीची जितकी भीती वाटते तितकीच याचीही वाटायला लागलीय.

इथपर्यंत परवा लिहिलं होतं. पुढचं आज लिहितेय.

काल दुपारी मी वसंतला घेऊन स्टँडवर गेले. गाडीवर तोच कंडक्टर. मला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. वसंत खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर. कंडक्टर खाली उतरून माझ्याजवळ आला. "ताई, मालगुंडला घ्यायला कोण येणार?"

त्याच्या आईला निरोप पाठवता आला असता. आदल्या गाडीनं मी स्वतः जाऊ शकले असते. मीच म्हणू शकले असते, थांबा, मीही चढते. हे सगळं ओठांवर आलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तुमचा मला भयंकर राग आला की हे माझ्यावर टाकून तुम्ही गेलात.

"कोणी येणार नाही," मी म्हणाले. "उतरवा त्याला."

तो म्हणाला, "बाई असत्या तर..."

"बाईंनीच सांगितलंय."

तेवढं अर्धं खोटं माफ करा.

खिडकीतून वसंतनं हात बाहेर काढला. मला वाटलं, हात धरायला. त्यानं माशी हाकलावी तसा तो हलवला. "जा तू घरी."

मी गेले. गाडी सुटलेली मी बघितली नाही, पाठीमागे फक्त ऐकली. निवळी आली असेल, चाफे आलं असेल, असं घड्याळाकडे बघत कुसुमला भरवायला बसले आणि तिनंच तोंड मिटून मला दोनदा थांबवलं, कारण घास मोठे जात होते. रात्री डोळा लागला नाही. सकाळी त्याच गाडीची वाट बघत स्टँडवर जाऊन बसले. गाडी लागली. कंडक्टर उतरला तो मला टाळून सरळ कंट्रोलरकडे निघाला. मी मागे धावले.

"उतरला?"

"उतरला की." तो थांबला, टोपी काढलान, डोकं खाजवलान. "तो गेला चालत. पण मला गाडी हलवायचा धीर होईना. त्याच्या घराच्या वळणापर्यंत दिसत होता तोवर उभी केली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न मारून मारून शिव्या दिल्या, तेव्हा निघालो. कंट्रोलर विचारील उशीर का, काय सांगू?"

मी हसायला लागले आणि तिथेच फलाटावर रडायला लागले. लोक बघत होते. पहिल्यांदा मनात आलं ते हे की धावत जाऊन तुम्हाला सांगावं. पाय तुमच्या घराच्या वाटेला लागलेसुद्धा होते, चौकात आल्यावर कळलं.

तेव्हा बाई, तो पोचला. पण भांडण तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही एवढ्यात. सोमवारी त्याला परत यायचंय, आणि तेही एकट्यानंच.